उजवीकडचा काटा

सोमवार, ४

ह्यांच्या ऑफिसातून दरवर्षी एक डायरी येते आणि दरवर्षी ती वाणसामानाच्या याद्यांत संपते. यंदा मी ताब्यात घेतली. मी कामाला होते त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कारखान्यात प्रत्येक नव्या सर्किट बोर्डाची एक वही असायची. काय केलं, काय चुकलं, कुणी चुकवलं, सगळं त्यात. तशीच ही.

काम असं: धाकटीसाठी एक पेटी करायची. पेटीत माईक, पेटीवर काट्याचा मीटर. ती बोलली की काटा हलेल आणि आपला आवाज केवढा निघतोय ते तिला डोळ्यांनी दिसेल.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या वर्षी तापातून उठली ती कान गमावूनच. तेव्हापासून आमच्याकडेच राहते. कानातलं यंत्र लावून पाहिलं, त्यातून तिला नुसता खडखडाट येतो, शब्द येत नाही. समोरच्याचे ओठ मात्र आता अशी वाचते की घरात कुजबुजायची सोय राहिली नाही. अडचण आहे ती तिच्या स्वतःच्या आवाजाची. तो तिला कळत नाही, म्हणून कधी पाताळात जातो, कधी पत्र्यावर चढतो. परवा बसमध्ये तिनं माझ्या कानाशी लागून, तिच्या मते अगदी हळू, कंडक्टरच्या पोटाविषयी आपलं मत दिलं. अख्खी बस वळून बघायला लागली. कंडक्टरनं पोट आत घेतलं.

शाळेत हे चालत नाही. मोठ्या बाईंचं, म्हणजे तिच्या मुख्याध्यापिकांचं, आज पत्र आलं. सुट्टी संपली की १८ तारखेपासून तिनं वर्ग घ्यायचा आणि २९ ला त्या स्वतः मागच्या बाकावर बसून पाहणार. आवाज ताब्यात असेल तर वर्ग तिचा. नसेल तर ग्रंथालयात बसून पुस्तकांवर क्रमांक घालायचे.

"काय वाईट आहे त्यात?" मी म्हटलं.

"ताई, पुस्तकं प्रश्न विचारत नाहीत," ती म्हणाली आणि रडायला लागली. लहानपणी ती रडली की चार घरांना कळायचं. आजचं रडणं अगदी गुपचूप होतं. मला ते बघवलं नाही. म्हणून पेटी.

मंगळवार, ५

माळ्यावरून मीटर काढले. कारखाना बंद झाला तेव्हा प्रत्येकीला काहीतरी घेऊन जायला सांगितलं होतं. कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची. मी मीटरची एक जोडी आणि त्यांची रिकामी पेटी नेली. डावा आणि उजवा, एकाच खेपेतले, एकसारखे चालणारे. काचेमागे पिवळसर पट्टी, शेवटचा तुकडा लाल. सव्वीस वर्षं मी असल्या मीटरांसमोर काढली. पहिली अकरा सोल्डरिंगला आणि पुढची पंधरा शेवटच्या तपासणीला. रोज दोनशे अ‍ॅम्प्लिफायर, प्रत्येक पूर्ण आवाजावर लावून ऐकायचा. कुठे बारीक गुणगुण असली की यंत्राच्या आधी मला कळायची. मला तिथे 'कान' म्हणायचे. "कानाकडे पाठवा," म्हणायचे, म्हणजे माझ्याकडे.

बोर्डाचा नकाशा आठवून काढला. आठवला तो जोडीचाच, डावीकडे एक लाइन, उजवीकडे तशीच दुसरी. धाकटीला एकच पुरे आहे. पण हाताला बसलेलं मोडायला गेलं की चुका होतात, तेव्हा बोर्ड जोडीचाच करते. उजवी बाजू भाग बसवूनही राहील मोकळी.

सुटे भाग आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, चष्मेवाल्याकडे गेले. याला मी वीस वर्षं ओळखते. यादी वाचून दाखवत होते तर म्हणतो, "ताई, ओरडू नका, मी इथेच आहे." गिऱ्हाईक बोललेलंही आता लोकांना खपत नाही. शिवाय स्वतः तोंडातल्या तोंडात बोलतो. दहा केचे रेझिस्टर मागितले तर त्याचं उत्तर कळायला मला दोनदा 'काय, काय' करावं लागलं.

गुरुवार, ७

डावी बाजू पूर्ण झाली. हात विसरलेला नाही. कथील कसं चकचकीत बसलंय.

धाकटीनं विचारलं, यात होतं काय? तिला सांगितलं तसं इथे लिहिते. माईकमधून येतं ते अगदी इवलंसं असतं, त्याला आयसी फुगवतो. आवाज म्हणजे मागे-पुढे डोलणं, आणि काट्याला एकाच दिशेला चालता येतं. म्हणून दोन डायोड घालून सगळं एका बाजूला वळवायचं. मग कपॅसिटर, म्हणजे काटा जरा दमानं चालतो, प्रत्येक अक्षराला दचकत नाही. शेवटी प्रीसेट. तो स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा आणि किती आवाजाला काटा कुठे जाईल ते ठरवायचं. तेच खरं काम. बाकीची हमाली.

ती म्हणाली, "मोबाइलवर पण आकडे दाखवतात म्हणे." वर्गात मोबाइल न्यायला मोठ्या बाईंची बंदी आहे, ते एक. आणि आकडा वाचेपर्यंत वाक्य संपतं. काटा डोळ्याच्या कडेनंही दिसतो.

दूध उतू गेलं. हे हॉलमध्येच होते, पण उठून बघायचं सुचलं नाही. म्हणे, "तुला तीनदा हाक मारली." हाक मारण्यापेक्षा गॅस बंद केला असता तर! हे तिकीट खिडकीवर बसतात. काचेआडून बोलून बोलून आवाज मोठा झालाय आणि घसा खराब. दोन वर्षं झाली, रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्यानं गुळण्या चालू आहेत. मी म्हणते, घरात तरी हळू बोला. पण सवय जात नाही. आणि पाठ फिरवली की नेमकं पुटपुटतात. मधलं काही नाहीच.

रविवार, १०

बोर्ड चालू केला. काटा उठला आणि मी टाळी वाजवली की उडी मारतो. धाकटी तर लहान मुलासारखी 'आ, आ' करत बसली होती.

पण एक खोट आहे. कुणी बोलत नसलं तरी काटा शून्यावर बसत नाही. तळाशी थरथरतो. कुठून तरी गुणगुण शिरते आहे. सगळे सांधे पाहिले. अर्थिंगची तार बदलली. थरथर तशीच.

हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "ती शिट्टी बंद कर ना, डोकं उठलं." मी म्हटलं, कुठली शिट्टी? कुकर नाही, काही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग पेपर घेऊन गच्चीवर गेले.

सोमवार, ११

तीन कपॅसिटर बदलले, आयसी बदलला. थरथर आहेच. मग माईकवर फडकं टाकलं तर काटा गपकन खाली बसला. फडकं काढलं की पुन्हा थरथर. हे काही मला पटेना. फडक्यानं वीज थोडीच थांबते? आणि आवाज म्हणावा तर खोली शांत. मी स्वतः कान देऊन ऐकलं. धाकटीही शेजारी बसून बघत होती. फडक्याच्या ओलीनं माईकच्या पत्र्याला अर्थिंग मिळत असावं, असं धरून चालले.

मग अ‍ॅडॉप्टर काढून बॅटरी लावली आणि थरथर गेली. अ‍ॅडॉप्टर स्वस्तातला होता, त्याचीच वीज मळकी. नाहीतरी शाळेत बॅटरीच बरी. प्रश्न मिटला.

हे म्हणाले, "सुटलो. शिट्टी पण गेली." ह्यांच्या कानांचं काहीतरी बघायला हवं. नाही ते ऐकू येतं.

बुधवार, १३

आज खरं काम, खूण ठरवायचं. कारखान्यात त्यासाठी एक ठरलेला सूर असायचा. तो सोडायचा आणि काटा रेघेवर आणायचा. बाईंनी वर्गात किती मोठ्यानं बोलावं याचा सूर मला कोण देणार? तो कानानंच ठरवायचा, आणि कान घरचाच आहे.

स्वयंपाकाच्या ओट्यापासून हॉलच्या खिडकीपर्यंत अकरा पावलं. वर्गही तेवढाच लांब, धाकटीनं मोजून आणलं आहे. ती ओट्याशी पेटी घेऊन उभी राहिली, मी खिडकीशी. तिनं धडा वाचायचा, मी हातानं 'वर' किंवा 'खाली' सांगायचं. शेवटच्या बाकावर शब्द न् शब्द सुटा ऐकू यायला हवा. सुरुवातीला फारच मवाळ वाचत होती. त्यात तिचे श, स, फ हल्ली नीट निघत नाहीत, विरून जातात. ऐकू येत नसलं की उच्चार असे झिजतात म्हणे. म्हणून आणखी वर, आणखी वर करत नेलं. मग एका जागी सगळं स्वच्छ आलं. तिथे प्रीसेट फिरवून काटा मधोमध आणला, काचेवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, आणि प्रीसेटवरही एक थेंब टाकला, म्हणजे धक्क्यानं सरकायला नको. कारखान्यातही आम्ही नेलपॉलिशच वापरायचो.

हे शर्टाची बटणं लावत धावत बाहेर आले. "काय झालं? भांडताय कशाला?" मागोमाग खालच्या मजल्यावरचे मास्तर दारात. त्यांनी तीनदा बेल वाजवली म्हणे. बेलचं बटण सैल झालं असेल, बघायला हवं. मास्तरांना वाटलं कुणी पडलं-बिडलं. किती चौकस असावं माणसानं!

धाकटी म्हणाली, "ताई, घसा ताणावा लागतोय गं." मी म्हटलं, वर्ग काय फुकट हाकला जातो? मग म्हणाली, "तू म्हणतेस तर बरोबरच असणार. तुझा कान आहे." मला बरं वाटलं. कारखाना सुटल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं.

शनिवार, १६

पेटी पूर्ण. पुढच्या पत्र्याला खिडक्या दोन आहेत, म्हणून उजवा मीटरही बसवून टाकला, भोक उघडं राहायला नको. तारा जोडल्या नाहीत. तो नुसता शोभेला.

सोमवार, १८

पहिला दिवस. धाकटी हसत आली. दिवसभर काटा हिरव्या ठिपक्यावर ठेवला. एकतीस मुलं आहेत आणि सगळी एकदम गप्प बसून होती. "इतका शांत वर्ग मला कधी मिळाला नव्हता," म्हणाली. पहिल्याच झटक्यात बसलं म्हणायचं. घसा तेवढा धरलाय, सवयीनं सुटेल. आता संध्याकाळी हे आणि ती शेजारी उभे राहून गुळण्या करतात.

गुरुवार, २१

फार वाईट दिवस. धाकटी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. पिशवीतून दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले.

एक मोठ्या बाईंचा. शेजारच्या दोन्ही वर्गांतून तक्रार आहे, आवाज आधीपेक्षाही वाढला आहे, २९ च्या आधी विचार करावा.

दुसरा वहीचं पान फाडलेला, वळणदार अक्षरात. तिच्या वर्गातली मुलं तिला चिठ्ठीवर प्रश्न विचारतात, तशीच एक. 'बाई, आम्ही काय केलं? तुम्ही रोज आमच्यावर का रागावता?'

म्हणजे मुलं शांत बसली होती ती घाबरून.

धाकटीनं पेटीकडे बोट केलं. पिशवीत आदळून प्रीसेट सरकला असणार. उद्या बघते.

शुक्रवार, २२

प्रीसेट सरकलेला नाही. नेलपॉलिशचा थेंब जसाच्या तसा, चीरही नाही. बॅटरी भरलेली. मल्टिमीटरनं टोकापासून टोकापर्यंत मोजलं. डायोड बरोबर, आयसी बरोबर. तिला पुन्हा ओट्याशी उभं करून धडा वाचायला लावला आणि पुन्हा खिडकीशी बसून ऐकलं. सगळं स्वच्छ ऐकू येतं ते त्याच ठिपक्यावर. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. बोर्ड निर्दोष आहे.

मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग मुलं खोटं बोलतात?"

"मुलं हल्लीची नाजूक आहेत. आणि त्या मोठ्या बाईंना तू नकोच आहेस."

"ताई, एकतीस मुलं कान झाकून बसतात. मी बघते ना."

मला राग आला. आठ दिवस खपून केलेल्या वस्तूला कुणी नाव ठेवलं की होतं माझं असं. मी म्हटलं, "ऐकू तुला येत नाही, मला येतं."

तोंड फिरवून बोलायला हवं होतं. निदान तिनं ओठ वाचले नसते. पण मी तिच्या समोरच उभी होते. ती आत निघून गेली. जेवली नाही. मीही नावाला जेवले.

शनिवार, २३

आज झालं ते जसं झालं तसं लिहायचं आहे. वही त्यासाठीच आहे.

सकाळी चहा घेऊन गेले तर धाकटी टेबलाशी बसलेली. समोर पेटी. बॅटरी काढून तो जुना अ‍ॅडॉप्टर लावला होता तिनं. काटा तळाशी थरथरत होता.

"बस," म्हणाली. आवाज पार बसलेला. माईकवर फडकं टाकलं तर काटा खाली. काढलं तर थरथर. चार वेळा केलं. "ताई, पंधरा वर्षं तपासणीला होतीस. फडक्यानं वीज थांबते?"

"नाही."

"फडकं कोरडं आहे, बघ हात लावून. मग काय थांबतं?"

उत्तर मला माहीत होतं. नव्या मुलींना मीच शिकवायची ते. माईक झाकल्यावर जे थांबतं ते हवेतूनच येत असतं.

"आवाज," मी म्हटलं.

"मग आहे का खोलीत आवाज?"

मी कान दिला. उजवा पुढे केला. श्वास रोखला. "नाही," म्हटलं. "शांत आहे."

"मला तर शांतच असणार. भाऊजींना विचार."

विचारावं लागलंच नाही. हे न्हाणीघरातून तोंडाला साबण तसाच घेऊन आले. "अरे, ती शिट्टी पुन्हा लावली कुणी?"

धाकटीनं अ‍ॅडॉप्टर काढला. "गेली?" तिनं विचारलं. "गेली," हे म्हणाले. लावला. "आली." काढला. "गेली." प्रत्येक वेळी काटा ह्यांच्या बाजूनं साक्ष देत होता. त्या अ‍ॅडॉप्टरमधून बारीक, उंच शिट्टी येते. ह्यांना ऐकू येते, मीटरला ऐकू येते. मला येत नाही. मी तिच्यापायी एक धडधाकट आयसी आणि तीन कपॅसिटर काढून फेकले.

"कधीपासून?" मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी पंच्याला तोंड पुसलं. "दोन वर्षं झाली असतील. सांगितलं होतं तुला. चार वेळा. दोनदा तू 'हो हो' म्हणालीस. एकदा 'भाजी चिरून ठेवलीय' म्हणालीस."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा रागावलीस. मग सोडून दिलं मी."

धाकटी म्हणाली, "मी बघत होते वर्षभर. तू उजवी बाजू पुढे करतेस. दुसरा हसला की मग हसतेस. मीही तेच करायची, सुरुवातीला. पण वाटलं, थोडं असेल. आणि तुझ्या कानाला नावं ठेवणारी मी कोण?"

मला आधी रागच आला, दोघांचाही. मग ती चिठ्ठी आठवली. तिचे श, स, फ झिजलेले नव्हते. झिजलं होतं ते माझ्याकडे, आणि ते भरून काढायला मी तिला आणखी वर, आणखी वर नेलं होतं. चार दिवस ती मुलांवर ओरडत होती ती माझ्या ठिपक्यावर. लाज वाटली. इतकी की तिच्याकडे बघून 'चुकलं' म्हणायलाही दुपार झाली. तिनं ओठ वाचले आणि म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग म्हणाली, "पहिल्यांदाच कळलं होतं. दोनदा ऐकायचं होतं." अजून चावट आहे, म्हणजे ठीक आहे.

सोमवार, २५

धाकटी मला तिच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवलं, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. मधले सूर मी फटाफट दाबले. मग बराच वेळ काही येईना. मला वाटलं यंत्र अडलं. काचेपलीकडे धाकटी उभी होती, तपासणाऱ्या बाईंच्या हाताकडे बघत. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सूर येताहेत.

डॉक्टरांनी विचारलं, कामाला कुठे होता, आवाज किती, रोज किती तास. मी सांगितलं. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं. माझ्याबाबतीत यंत्राचा उपयोग होईल म्हणाले. माप घेतलं आहे, महिनाभर लागेल.

परतताना बसमध्ये मी धाकटीला विचारलं, "मग आता खूण कुणाच्या कानानं ठरवायची? ह्यांच्या?"

"ज्यांना ऐकायचंय त्यांच्या," ती म्हणाली, अर्ध्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात. म्हणजे तसं मला वाटलं. अर्ध्या की अख्ख्या, आता मी सांगू शकत नाही.

मंगळवार, २६

छोटा स्क्रूड्रायव्हर आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंनी अर्धा तास दिला. मी समजत होते तशा त्या वाईट नाहीत. दारात उभ्या राहिल्या आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

आधी मी मुलांना सांगितलं, बाई रागावलेल्या नव्हत्या. खूण चुकीची होती आणि ती मी केली होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग तुम्हीच पुसा." पुसलं.

रीत अशी ठरवली. बाई हळू आवाजात सुरुवात करून थोडा थोडा वाढवणार. ज्याला सगळे शब्द कळले त्यानं हात वर करायचा. ज्याला फार मोठं वाटलं त्यानं कानावर हात ठेवायचा. मी धाकटीला दोन्ही खुणा समजावल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

तिनं धडा सुरू केला. पुढचे हात आधी वर गेले, मग मधले. ती आवाज वाढवत गेली आणि हातांची रांग मागे मागे येत माझ्यापर्यंत आली. माझ्या शेजारच्या मुलानं हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. एकतीस हात वर होते. मला निम्मं ऐकू येत होतं. मी हात वर केला नाही.

इतका हळू असतो तर बाईंचा आवाज!

धाकटीला सगळे हात दिसत होते. ती त्याच आवाजात वाचत राहिली आणि मी पुढे जाऊन प्रीसेट फिरवला. बराच फिरवावा लागला. काटा मधोमध आणला, नवा ठिपका दिला, प्रीसेटवर थेंब टाकला. जुन्या ठिपक्याच्या आवाजाला काटा आता कुठे गेला असता ते मनात मोजलं. लाल पट्टीच्याही पलीकडे.

शुक्रवार, २९

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या, त्याच माझ्या जागी. पूर्ण तास. धाकटी सांगते, सुरुवातीला काटा लटपटत होता, कारण ती स्वतःच लटपटत होती. मग मुलांच्या चिठ्ठ्या आल्या आणि ती विसरून गेली. मध्ये एकदा काटा लाल पट्टीत गेला तर पहिल्या बाकावरच्या त्या मुलीनं नुसतं बोट खाली केलं, आणि ती खाली आली.

सहामाहीपर्यंत वर्ग तिचा. पुढचं पुढे बघू, असं लिहिलंय. 'बघू' मला आवडलं नाही, पण धाकटीनं कागद घडी करून पाकिटात ठेवलाय आणि दर तासाला काढून बघते.

रविवार, ३१

उजवी बाजू जोडली. नकाशा जोडीचा होता म्हणून सगळे भाग जागच्या जागी होते, फक्त माईक आणि दोन तारा. तासाभराचं काम. शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी पेटी घरी, जेवणाच्या टेबलावर. डावा काटा धाकटीचा, उजवा माझा. मीही हल्ली चढ्या आवाजात बोलते असं एकमतानं ठरलंय. चष्मेवाल्याची माफी मागायची आहे.

माझी खूण ठरवायला हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी बोलायचं, ह्यांनी हात वर करायचा. मी रोजच्यासारखी सुरुवात केली तर ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, अगदी वर्गातल्यासारखे. खाली आणलं, आणखी खाली आणलं. मला वाटलं आता मी नुसते ओठच हलवते आहे. तिथे ह्यांचा हात वर गेला. प्रीसेट फिरवून काटा मधोमध आणला आणि काचेवर ठिपका दिला.

मग खूण पक्की करण्याआधी, बोर्डाची खात्री म्हणून, माईक ह्यांच्याकडे फिरवला. "काहीतरी बोला," म्हटलं. "रोज बोलता तसं."

"काय बोलू? चहा ठेवतेस का?" हे म्हणाले.

काटा उडाला, लाल पट्टी ओलांडून टोकाच्या खिळ्यावर आपटला आणि तिथेच टेकून राहिला. टक् झालेलं धाकटीला दिसलं, मला दिसलं. हे ओशाळले. गळ्याशी हात नेला.

मी दोन वर्षं तिकीट खिडकीला दोष देत होते. तिथे ह्यांच्यासमोर माईक असतो, ओरडायची गरज नसते. हे मला माहीत होतं. मीच एकदा दुरुस्त केला होता तो.

रडू आलं. पुसलं. मग उठून ह्यांची रोजची जेवायची खुर्ची माझ्या शेजारून काढली आणि समोर आणून ह्यांना तिथे बसवलं, जिथे मला ओठ दिसतील. माईक पुन्हा ह्यांच्याकडे केला आणि म्हटलं, "आता ठिपक्यावर बोला. त्याच्या वर जायचं नाही."

हे काट्याकडे बघत बोलायला लागले. आधी चाचपडत, मग नीट. काटा मधोमध डोलत होता. काहीतरी गच्चीवरच्या कुंड्यांचं होतं, आणि मग दुसरंच काहीतरी, ज्याच्यावर धाकटी हसली. मी तिच्या आधी हसले नाही आणि नंतरही हसले नाही. मला निम्मं कळलं होतं. उरलेलं ह्यांना परत सांगायला लावलं.